आप्पांच्या डोक्यातून पाऊण तास

मी एकदा माझ्या वडिलांच्या डोक्यात बसून केडगावच्या रुळांवरून पाऊण तास चालले आहे. हे सांगितलं की माणसं माझ्याकडं बघतात आणि विषय बदलतात. आमच्या आईनं तर तेव्हाच बजावलं होतं, "असलं चार मान्सांत बोलू नको, स्थळं यायची बंद व्हतील." यायची ती स्थळं आली, लग्नही झालं. पण त्या पाऊण तासाची कॅसेट अजून माझ्याकडं आहे. ती मी ऐकली नसती तर आप्पा फार दिवस जगले नसते, असं मी आजही मानते. आणि ती भरायचा हट्ट मी केला नसता, तर त्या सकाळी ते मरणाच्या दारात गेलेच नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींना कारण मीच आहे.

आप्पा रेल्वेत कीमन होते. केडगाव स्टेशनपासून कडेठाणच्या दिशेनं ठरलेला पल्ला रोज सकाळी पायी तपासायचा, हे त्यांचं काम. हातात लांब दांड्याचा हातोडा, खांद्याच्या पिशवीत पाना आणि लाल-हिरव्या झेंड्या. रूळ जागेवर आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या धडधडीनं त्या सैल होतात, मग ठोकून बसवाव्या लागतात. आप्पा बघण्याआधी ठोकायचे. घट्ट चावी टणकन वाजते, ढिली नुसती थप करते. "ढिली चावी सोताहून सांगती," असं ते म्हणायचे. शिवाय त्या पट्ट्यातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. घरात घड्याळ होतं, पण आई तवा चुलीवर ठेवायची ती आप्पांनी "दौंडची गेली" म्हटल्यावर.

मी बारावीनंतर आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटी, त्यामुळं सोल्डरिंग करताना हात भाजला तरी ओरडायची सोय नव्हती. मग मामानं मला शिरूरला त्याच्या दुकानात घेतलं. एसटी स्टँडजवळचं छोटंसं दुकान, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं. लग्न, उरूस, जयंतीची मिरवणूक, सगळीकडं मामाचेच कर्णे. आठवडाभर मी मामाकडं राहायची आणि शनिवारी संध्याकाळी न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला करत एसटीनं घरी यायची.

दुकानात गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या टेपरेकॉर्डरांचा ढीग होता. त्याखाली मला एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एका डोक्याचा फोटो होता. डोळे नाहीत, तोंड नाही, केस नाहीत. नुसतं नाक आणि दोन अगदी माणसासारखे कान, आणि कानांच्या आत माइक. ते डोकं एका रिकाम्या खोलीत खांबावर बसवलेलं होतं आणि काहीतरी ऐकत होतं. मी डिक्शनरी घेऊन तो लेख आठवडाभर वाचला.

सांगितलं होतं ते तसं साधंच. उजवीकडं कुणी बोललं की आवाज उजव्या कानात आधी पोचतो. डाव्या कानात तो किंचित उशिरा आणि किंचित दबून येतो, कारण मध्ये डोकं आडवं असतं. वरून आलेला किंवा मागून आलेला आवाज कानाच्या वळ्यांवर आपटून जरा निराळा होऊन आत जातो. हे फरक इतके बारीक की आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. आपल्याला एवढंच कळतं की मागं कुणीतरी उभं आहे. तर मग कानांच्या जागी दोन माइक ठेवायचे, आवाज भरायचा, आणि हेडफोनवर डाव्याचा डाव्या कानात, उजव्याचा उजव्या कानात सोडायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण तिथंच उभे आहोत. स्पीकरवर हे जमत नाही, कारण खोलीत दोन्ही आवाजांची खिचडी होते. दोन कान आणि मध्ये एक डोकं, एवढंच भांडवल लागतं.

कान करता येतील, पण डोकं कुठून आणायचं? मी बाजारातून एक चांगलं गोल डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणलं. कणीक घट्ट मळून, आरशात बघत बघत त्याला कान केले आणि ते स्टुलावर ठेवलं. मामा म्हणाला, "भाजी करती का भूत करती?" एक बाई मिक्सर दाखवायला आल्या होत्या, त्या डांगराकडं बघून पायरीवरूनच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर उंदरांनी दोन्ही कान कुरतडून नेले होते आणि काउंटरवर कणकेचा चुरा पडला होता. मामी त्या डांगराची भाजी करायला तयार होईना, शेवटी ते गाईला घातलं.

मग मी स्वतःचंच डोकं वापरलं. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरांतून शर्टाच्या बटणाएवढे दोन कंडेन्सर माइक काढले, त्यांना जुन्या हेडफोनचा स्पंज गुंडाळला, दोन पेन्सिल सेल जोडले. रेकॉर्डर आयता होता. आखातातून आलेल्या कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला, शर्टाच्या खिशात मावेल असा, लाल बटणाचा. एके दुपारी माइक कानांत घालून मी दुकानात नेहमीसारखं काम केलं. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला गेला, तेव्हा शटर अर्धं ओढून, हेडफोन लावून ऐकायला बसले.

रस्त्यावरून एसटी गेली. ती कॅसेटमधली की बाहेरची, हे ठरवता येईना. मग माझ्या पाठीमागून मामा म्हणाला, "पोरी, दार लाव, धूळ येती." मी "लावते" म्हणून उठले. वळून बघितलं तर शटर अर्धं ओढलेलंच होतं आणि दुकानात कुणी नव्हतं. हेडफोनमध्ये मामा माझ्या उजव्या खांद्याशी खोकत होता. आणि खरी गंमत अशी की आदल्या दिवशी मामा हे बोलला, तेव्हा तो माझ्या समोर बसला होता. लेखात हेही लिहिलेलं होतं. समोरचा माणूस डोळ्यांना दिसला नाही की कान त्याला नेऊन पाठीमागं उभा करतात.

मला नाद लागला. बाजारचा दिवस भरला, घोडनदीच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका भरल्या. शनिवारी सगळं घेऊन घरी गेले आणि आईच्या कानाला हेडफोन लावला. एका मिनिटात तिनं तो काढून टाकला. "काढ हे. मानंवर कुनीतरी श्वास घेतंय." शेजारच्या वहिनी दोनदा उठून दाराबाहेर बघून आल्या. मग मी आप्पांना लावला. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून सगळं शेवटपर्यंत शांतपणे ऐकत बसले. एकदाही वळून बघितलं नाही.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "स्वच्छ येतंय."

"पण मागं कुणी आहे असं वाटलं का?"

"मागं कोन असनार? मागं भिंत हाय."

मला फार राग आला. आठवडाभर खपून केलेली करामत, आणि ज्यांना दाखवायची होती त्यांनाच तिचं काही नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं. ते वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

पण मी हट्टी. आप्पांना माझं काही कळत नसेल तर नसेल, मला त्यांचं ऐकायचं होतं. ढिली चावी बोलते म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या कानांच्या जागेवरूनच कळलं असतं. रुळांवर मला कोण फिरू देणार? म्हणून मी म्हटलं, "आप्पा, उद्या कामावर जाताना हे कानांत घालून जा. पाऊण तासाची कॅसेट आहे. संपली की काढा."

ते त्या माइककडं बराच वेळ बघत राहिले. "कानात घालून चालायचं?"

"हो."

"बरं," आप्पा म्हणाले.

रुळावर काम करणारा दुसरा कुठलाही माणूस असता तर त्यानं मला उभी सोलली असती. ज्याचा जीव कानांवर, त्याच्या कानांत बोळे घालायचे? हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी शहाणी होते, माझ्याजवळ इंग्रजी मासिक होतं. आणि आप्पांच्या त्या 'बरं'चा मला संशय यायला हवा होता, तोही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच मी त्यांच्या कानांत माइक बसवले. पडू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी लावली. थंडीचे दिवस होते, मफलर गळ्याभोवतीच गुंडाळायला लावला, कानांवर येऊ दिला नाही. तारा शर्टाच्या आतून घेतल्या, रेकॉर्डर खिशात घातला, लाल बटण दाबलं. आणि म्हटलं, "मधे काढायचं नाही हं आप्पा. हलवलं की सगळं बिघडेल." त्यांनी मान डोलावली आणि हातोडा घेऊन निघाले.

दुपारी ते आले. रेकॉर्डर माझ्या हातात दिला, आंघोळ केली, जेवले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी खाटेवर बसून हेडफोन चढवला. आई खाली जमिनीवर तूरडाळ निवडत बसली होती.

पहिल्यांदा मला माझाच आवाज आला. माझ्या पाठीमागून मीच म्हणाले, "मधे काढायचं नाही हं आप्पा." अंगावर काटा आला, पण मी हसले. मग पावलं सुरू झाली. ती माझी पावलं नव्हती, माझ्यापेक्षा लांब पडत होती. दारातून आई काहीतरी बोलली आणि तिचा आवाज खालून आला. आई माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. पण आता मी आप्पांच्या उंचीवर होते. त्यांनी आवंढा गिळला, तो माझ्या घशात गिळल्यासारखा वाटला. त्यांचा श्वास तर बाहेर कुठं नव्हताच, माझ्या कपाळाच्या मागं चालला होता. मी खाटेची दोरी घट्ट धरून ठेवली.

गल्लीत डाव्या बाजूनं आईची हाक आली. "अवो, डबा!" पावलं चालतच राहिली. पुन्हा हाक आली, जरा जवळून. "अवो, डबा ऱ्हायला की!" आप्पा चालतच होते. कुणी हाक मारली की माणूस वळतो. वळला की या असल्या कॅसेटमध्ये हाक बाजूनं निघून मधोमध येते, हे मला आठवड्याभरात पाठ झालं होतं. ही हाक डाव्या कानाशी खिळल्यासारखी तिथंच राहिली. शेवटी धावती पावलं माझ्या पाठीमागून उजवीकडं आली, आणि तेव्हा आप्पा म्हणाले, "आं?" आईचं नेहमीचं वाक्य उजव्या कानात ऐकू आलं, "या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं." मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले होते. आई मानायची की नवऱ्याला गर्व आहे, तिच्या हाकेला ओ देत नाही.

पुढं गावातल्या ख्रिस्ती मिशनची घंटा वाजली, डावीकडं. मग डावीकडूनच एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मी अंग चोरलं. आप्पांनी चोरलं नाही. सायकल इतकी जवळून गेली की शर्ट घासल्याचा आवाज आला, आणि मग आप्पा दचकले. त्यांचा दचकलेला श्वास माझ्या डोक्यात आला. इथं पहिल्यांदा मला बरं वाटेनासं झालं. माझ्या डाव्या बाजूला सगळं गाव चाललेलं होतं, आणि ज्याच्या डोक्यात मी बसले होते त्याला ते नव्हतंच.

मग पावलांखाली खडी आली. हातोडा सुरू झाला. टण. टण. टण. थप. पावलं थांबली, तीन घाव, आणि मग टण. याचसाठी मी सगळा खटाटोप केला होता, आणि क्षणभर मी सगळं विसरून गेले. चावी खरोखर बोलत होती. आप्पा तिच्याशी पुटपुटत होते.

तिथं रुळांच्या दोन लाइनी आहेत. आप्पा उजवीकडच्या लाइनीवर होते, पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या तिच्यावरून समोरून येतात. डावीकडची दौंडकडं जाणारी, तिच्यावरची गाडी त्यांच्या पाठीमागून येणार. पण त्या वेळेला गाडी नव्हती, त्यांच्या पाठांतरात नव्हती. मागून एक सुटं इंजिन येत होतं. त्याला कसली वेळ असणार?

मला ते आधी ऐकू आलं. डावीकडं, मागं, लांब, नुसती गुरगुर. हातोडा चालूच होता. टण. टण. गुरगुर मोठी झाली. मी खोलीत, खाटेवर, दिवसाढवळ्या, "आप्पा" म्हणाले. आईनं वर बघितलं. मग हॉर्न वाजला. अगदी स्वच्छ, डाव्या खांद्याच्या मागं. हातोडा थांबला.

आणि मग ते इंजिन माझ्या डोक्यामागून सरकत उजवीकडं गेलं. मला वाटलं, हे रूळ सोडून फिरलं की काय. दुसऱ्या क्षणाला कळलं, इंजिन फिरलं नाही. आप्पांचं डोकं फिरलं होतं, आणि ते उलट्या बाजूला फिरलं होतं. इंजिन डावीकडं होतं आणि आप्पा त्याला उजवीकडं शोधत होते.

खडीवर घाईची पावलं वाजली. चार. हॉर्न आता थांबतच नव्हता. इंजिन उजवीकडून पाठीमागं, पाठीमागून डावीकडं असं गरगर फिरलं, म्हणजे आप्पा मान फिरवून फिरवून बघत होते. मग एकदम सगळा आवाज तोंडासमोर आला. हातोडा रुळावर आपटला, एक उडी, आणि माझ्या चेहऱ्यावरून लोखंडाचा सगळा डोंगर गेला. मी हेडफोन उपसून काढला आणि रेकॉर्डर बंद केला.

आई म्हणाली, "काय झालं गं?"

आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले होते, त्यांची पाठ वर-खाली होत होती. मी तेवढंच बघत राहिले. जिवंत माणूस समोर असून मला खात्री वाटेना. मी जाऊन त्यांना हलवलं.

"तुम्ही डावीकडच्या लाइनीवर गेला होता," मी म्हटलं. "इंजिन तिच्यावरून येत होतं आणि तुम्ही तिकडंच गेलात. जागेवर उभे राहिला असता तर काही झालं नसतं."

आप्पा उठून बसले. आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उजवीकडनं आला आवाज," ते म्हणाले. "म्हनून डावीकडं झालो."

"तुम्हाला सगळेच आवाज उजवीकडून येतात."

आईची डाळ निवडणारी बोटं थांबली.

"डाव्या कानानं कमी येतं जरा," आप्पा शेवटी म्हणाले. "कवा कमी झालं ते ध्यानात न्हाई. येतं पन. काम चालतंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "म्होरच्या म्हयन्यात तपासनी हाय. मागल्या टायमाला पन पार पडलीच की. चांगला कान बोटानं बंद करा म्हंत्यात. बोट कानावर ठिवायचं, कानात न्हाई. कुनाला कळतंय? तू कुनाला सांगू नको. लाइनीवरनं काढलं तर मला कुठंतरी पानी वाटाय बसवत्याल."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. आप्पांनी मला कधी विनवलेलं नव्हतं. मला इतका राग आला की रडूच फुटलं. राग त्यांचा होता, माझा होता, त्या मासिकाचा होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कॅसेट मागं घेतली, हेडफोनची डावी बाजू त्यांच्या डाव्या कानावर घट्ट बसवली आणि उजवी बाजू कानावरून काढून उचलून माझ्या मुठीत बंद केली. आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि बटण दाबलं.

हेडफोनचं एक बरं असतं. खोलीत उजव्या कानाला डाव्या बाजूचं थोडंफार मिळतंच, आणि माणूस समजतो की डावा कान अजून चालू आहे. हेडफोनमध्ये ज्याचं त्यालाच मिळतं.

इंजिन आलं. तो आवाज डाव्या वाटीतून फुटून बाहेर पडत होता. चार हातांवर बसलेल्या आईला तो ऐकू येत होता, तिनं पदर तोंडावर धरला. हॉर्न वाजला. आप्पा माझ्याकडं बघत होते, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघतात तसे.

"लाव की," आप्पा म्हणाले.

मी मुठीतली उजवी बाजू आणखी घट्ट आवळली.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आईच्या. मग खाली रेकॉर्डरकडं बघितलं, त्यात कॅसेटची चाकं फिरत होती. त्यांनी त्या फिरणाऱ्या चाकांवर बोट ठेवलं. "चालू हाय व्हय," ते म्हणाले. कमी येतं असं ते इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आले होते. तिथं काहीच येत नव्हतं.

आई उठली, डाळीचं ताट ओलांडून गेली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. "मी हाका मारत व्हते," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती कधीही त्यांच्या डाव्या बाजूला बसलेली किंवा चाललेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः मुकादमाकडं गेले आणि सगळं सांगून आले, बोट कानावर ठेवायचं तेही. त्यांना लाइनीवरून काढलं आणि दौंडला स्टोअरमध्ये घेतलं. पाणी वाटायला बसवलं नाही, पण त्यांच्या लेखी ते तेवढंच होतं. पुढं वर्षभर ते माझ्याशी मोजकंच बोलले. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून जाणाऱ्या गाड्यांची नावं घेत राहायचे, उजवा कान रुळांकडं करून. मी मात्र कानाला खडा लावला. ते माइक मोडून टाकले, रेकॉर्डर मामाच्या ढिगात परत ठेवला, आणि त्यानंतर कुणाच्याही कानांना हात लावला नाही.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेले ते घरात, अंथरुणावर, आई उजवीकडं बसलेली असताना. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. कामावरच्या जुन्या जाकिटाखाली ती कॅसेट होती. ती त्यांनी घेऊन ठेवली होती, हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इंजिनाच्या पुढं मी ती ऐकलेलीच नाही. मामाचं दुकान तोवर मोबाइलचं झालं होतं, पण ढीग होता. रेकॉर्डर शोधला, रबरी पट्टा बदलला, आणि एका दुपारी त्याच खाटेवर बसून हेडफोन लावला. सुरुवातीपासूनच लावली. माझा आवाज मागून आला, आईची हाक डावीकडं आली. आई समोर म्हातारी होऊन बसली होती आणि कॅसेटमध्ये डबा घेऊन धावत होती. इंजिन आलं, फिरलं, तोंडावरून गेलं. या वेळी मी हेडफोन काढला नाही.

इंजिन दौंडकडं लांब गेलं. मग बराच वेळ नुसता श्वास, इतका जोराचा की मीही तसाच घेऊ लागले. मग उजव्या कानावर खरखर झाली. बोटं चिकटपट्टीची कड शोधत होती. पट्टी जराशी उचकटल्याचा आवाज आला.

आणि बोटं थांबली. मग आप्पा बोलले. स्वतःच्या कानांत माइक घालून माणूस बोलला की तो आवाज डावीकडून येत नाही, उजवीकडून येत नाही, मागूनही येत नाही. तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात मधोमध येतो. तिथं, माझ्या डोक्याच्या आत, जाऊन तेरा दिवस झालेले आप्पा हळूच म्हणाले, "काढायचं न्हाई म्हनलीय." आणि पट्टी परत दाबून बसवताना, "बिघडंल म्हनलीय पोरगी."

हातोडा पुन्हा सुरू झाला. टण, टण, टण. कॅसेट संपेपर्यंत त्यांनी ते काढलं नाही.